घरचा साठवण-सर्व्हर: जुन्या ऑफिस संगणकावर पहिली उभारणी

घरातले फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे आज सहसा दोन-तीन फोन, एखादा लॅपटॉप, कपाटात ठेवलेली बाह्य हार्ड डिस्क आणि गूगलचे खाते अशी विखुरलेली असतात. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि तेव्हापासून ‘जागा भरत आली आहे’ ही सूचना घरोघरी ओळखीची झाली. हा साठा घरातल्याच एका यंत्रावर आणायचा, तो घरातील प्रत्येकाला आपापल्या फोनवरून आणि लॅपटॉपवरून उघडता यावा आणि एखादी डिस्क बंद पडली तरी काही गमावू नये, एवढेच या लेखाचे उद्दिष्ट आहे. ज्याने स्वतः कधी विंडोज बसवले आहे, परंतु लिनक्सला हात लावलेला नाही, असा वाचक येथे गृहीत धरला आहे. यंत्र जुळवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. विजेची सोय आणि डेटाच्या प्रती यांच्याकडे मात्र बहुतेक नवखे शेवटी वळतात, म्हणून येथे त्यांना जास्त जागा दिली आहे.

आधी मोजणी

खरेदीपूर्वी एक संध्याकाळ मोजणीला द्यावी. सगळा साठा तीन गटांत विभागावा: पुन्हा कधीच मिळणार नाही असा (मुलांचे बालपणीचे फोटो, आजीच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे, स्कॅन केलेली जुनी पत्रे), खटपट केल्यास मिळेल असा (गुणपत्रिका, खरेदीखताच्या प्रती, विम्याचे कागद) आणि केव्हाही मिळेल असा (सिनेमे, सॉफ्टवेअर). पहिला गट एकूण साठ्याच्या मानाने बरेचदा लहान निघतो आणि त्याच्या तीन प्रती ठेवणे परवडते. तिसऱ्या गटाची एकही जादा प्रत नसली तरी चालते. एकूण आकड्याची दुप्पट जागा धरून डिस्क निवडावी. येथील उदाहरणासाठी ४ टीबीच्या दोन डिस्क धरल्या आहेत. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, त्यात दुकानदाराची फसवणूक नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, इतकाच हा फरक आहे.

यंत्राची निवड

कंपन्यांनी भाडेपट्टा संपल्यावर बाहेर काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर मालिकेतील डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यातील संगणक दुकानांत आणि ऑनलाइनही ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. इंटेलच्या सहाव्या ते आठव्या पिढीतील आय३ किंवा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी एवढ्यावर घरचा साठवण-सर्व्हर आरामात चालतो. यांतील पुस्तकाएवढे ‘टायनी’ किंवा ‘मायक्रो’ यंत्र दिसायला मोहक असले तरी त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही, आणि यूएसबीने जोडलेली डिस्क चोवीस तास चालवणे मला पटत नाही; केबलला जरासा धक्का लागला तरी चालू कामात डिस्क गायब होते. म्हणून उभ्या कॅबिनेटचे यंत्र घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी झाकण उघडून साडेतीन इंची डिस्कच्या दोन जागा, मदरबोर्डवर एसएसडी धरून किमान तीन जोडण्या आणि तितक्याच वीजतारा आहेत ना, हे स्वतः पाहावे. या ब्रँडच्या यंत्रांतील पॉवर सप्लाय अनेकदा त्यांच्याच मापाचा असतो आणि बाजारातला साधा सप्लाय त्यात बसत नाही.

सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप यांचे तयार डबेही उत्तम काम करतात. ज्यांना संगणकाशी झटापट नकोच आहे, त्यांनी तोच मार्ग धरावा. विजेविषयी, केबलविषयी आणि प्रतींविषयी पुढे दिलेली माहिती त्यांनाही तशीच लागू पडते.

चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचा विजेचा हिशेब मांडणे सोपे आहे. सतत जळणारा एक वॅट वर्षाला ८.७६ युनिट खातो. वर सांगितलेले यंत्र दोन डिस्कसह निवांत असताना ३० वॅटच्या आसपास धरल्यास वर्षाला सुमारे २६३ युनिट, म्हणजे महिन्याला २२ युनिट होतात. त्याऐवजी घरात पडून असलेला, ग्राफिक्स कार्ड लावलेला ८० वॅटचा जुना संगणक वापरला तर वर्षाला ७०० युनिट जातात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्यामुळे ही सगळी वाढ तुमच्या बिलाच्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडते, हे विसरू नये. फुकटचा जुना संगणक दोन-तीन वर्षांत महाग पडतो तो असा.

डिस्क घेताना

डिस्कवर पैसे वाचवू नयेत. हार्ड डिस्कमध्ये डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: सीएमआरमध्ये चुंबकीय पट्टे एकमेकांशेजारी असतात, तर एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा झाला तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सतत लिखाण झाले की एसएमआर डिस्क कमालीची मंदावते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाल्यावर बराच गदारोळ झाला आणि तेव्हापासून कंपनीने सीएमआर डिस्कसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव ठेवले. सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ मालिकाही सीएमआर आहे. डिस्क हाती येताच तिचा क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी भारतात चालते का ते तपासावे, कारण आयात केलेल्या सुट्या डिस्कना ती पुष्कळदा नसते.

वीज, अर्थिंग आणि पाऊस

साठवण-सर्व्हरचा सर्वांत मोठा शत्रू अचानक जाणारी वीज हा आहे. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर ती फाइल अर्धवट राहते आणि क्वचित संपूर्ण फाइल सिस्टिम (डिस्कवरील फाइलींची मांडणी) दुरुस्त करावी लागते. सुमारे ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस एवढ्या लहान भारावर दहा-पंधरा मिनिटे टिकतो आणि छोट्या झटक्यांसाठी ते पुरेसे असते. घेताना त्याला यूएसबी पोर्ट आहे का ते आवर्जून विचारावे. स्वस्त मॉडेलांना तो नसतो, आणि तो नसेल तर बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला कळण्याचा मार्गच उरत नाही. पोर्ट असल्यास ‘नट’ नावाचे मोफत साधन यूपीएसशी बोलते आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की सर्व्हर नीट बंद करते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस मोड’वर आहे ना ते पाहावे, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षणभराचा वेळही संगणक पुन्हा सुरू व्हायला पुरतो. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच जोडणीवर घ्यावा.

अर्थिंगची खात्री करण्यासाठी फार उपकरणे लागत नाहीत. चालू कॅबिनेटच्या उघड्या धातूला बोटाची मागची बाजू हलकेच लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा टेस्टर तेथे मंद पेटला, तर सॉकेटची तिसरी पिन नुसती नावाला आहे असे समजावे. पॉवर सप्लायमधील गाळणीचे कपॅसिटर थोडा प्रवाह अर्थकडे सोडतात आणि अर्थच नसेल तर तो कॅबिनेटवर येऊन बसतो. वायरमनला बोलावून अर्थिंग दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये. यूपीएस लावला म्हणून हा दोष जात नाही.

पावसाळ्यात विजेच्या तारांइतकाच धोका इंटरनेटच्या तारेतूनही येतो. फायबर काचेचा असल्याने तो विद्युत्प्रवाह वाहून नेत नाही. परंतु इमारतीच्या गच्चीवरील स्विचपासून घरात तांब्याची केबल आली असेल, तर जवळ वीज पडल्यावर राउटर आणि त्याला जोडलेला सर्व्हर असे दोन्ही जळू शकतात. अशा ठिकाणी केबलवाल्याकडे फायबर थेट घरात आणण्याचा आग्रह धरावा. सर्व्हरची जागा हवेशीर असावी. माळा, बंद कपाट आणि स्वयंपाकघराची भिंत वर्ज्य समजावी. नागपूर, अकोला किंवा जळगावच्या मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते आणि डिस्क खोलीपेक्षा काही अंशांनी गरमच असते. उत्पादकांची मर्यादा सहसा ६० अंशांच्या आसपास असली, तरी डिस्क पंचेचाळिशीच्या आत राहील असे पाहावे. कॅबिनेटच्या मागील उघड्या फटी पत्र्याच्या पट्टीने बंद कराव्यात. पालींना ती ऊब फार आवडते.

केबलची आठ तारांची कथा

सर्व्हर वाय-फायने जोडू नये. तो राउटरला केबलनेच जोडावा. गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट वेग मिळतो आणि १०० मेगाबिटच्या जोडणीवर जेमतेम ११. पहिल्यांदा ५०० जीबी फोटो चढवायचे असतील तर पहिल्या वेगाने सव्वा तास लागतो, दुसऱ्या वेगाने साडेबारा तास. गिगाबिटला केबलमधील आठही तारा लागतात, तर १०० मेगाबिटला चार पुरतात; स्थानिक केबलवाल्याची पोरे वेळ वाचवण्यासाठी चारच तारा बसवून टोक दाबतात आणि इंटरनेट चालू झाल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. काचेसारखे पारदर्शक टोक उजेडात धरावे, त्याची खिटी खालच्या बाजूला ठेवावी आणि डावीकडून तारांचे रंग वाचावेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल शंभर मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेते, त्यामुळे घरात लांबीची अडचण येत नाही. राउटरचे पोर्टही गिगाबिटच आहेत ना ते पाहावे. जुन्या राउटरमध्ये ते नसतील, तर पाच पोर्टांचा एक गिगाबिट स्विच मध्ये टाकला की काम भागते.

प्रणाली बसवणे

नवख्यांसाठी मी ओपनमीडियाव्हॉल्ट सुचवतो. ते मोफत आहे, डेबियन लिनक्सवर उभे आहे आणि पहिल्या बसवणीनंतर सारा कारभार ब्राउझरमधूनच करता येतो. ट्रूनॅस अधिक बलवान आहे, परंतु ते झेडएफएस या फाइल सिस्टिमवर आधारलेले असल्याने ते जास्त रॅम आणि आधीच केलेले नियोजन मागते. ते दुसऱ्या सर्व्हरसाठी राखून ठेवावे.

ओपनमीडियाव्हॉल्टची आयएसओ फाइल उतरवून ती रूफस किंवा बलेना एचरच्या साहाय्याने पेनड्राइव्हवर लिहावी. बसवणीच्या वेळी ४ टीबीच्या दोन्ही डिस्कच्या तारा काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याची शक्यताच राहत नाही. प्रणाली त्या लहान एसएसडीवरच जायला हवी आणि ती सगळी एसएसडी व्यापते. बायोसमध्ये शिरून ‘वीज परत आल्यावर’ या अर्थाचा पर्याय ‘चालू’ वर ठेवावा, नाहीतर प्रत्येक वीजखंडानंतर बटण दाबायला घरी कोणीतरी असावे लागेल. यंत्राचे नाव विचारले जाईल तेथे रोमन लहान अक्षरांत, जागा न सोडता एक छोटे नाव द्यावे. बसवणी संपली की पडद्यावर सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. राउटरच्या पानावर जाऊन हा पत्ता त्या यंत्रासाठी कायमचा राखून ठेवावा.

आता मॉनिटर आणि कीबोर्ड काढून टाकावेत. दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकावा, ‘अ‍ॅडमिन’ या नावाने आणि ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ या मूळ पासवर्डने आत शिरावे (दोन्ही रोमन लहान अक्षरांत) आणि सर्वांत आधी तो पासवर्ड बदलावा. येथे नवख्यांची एकाच ठिकाणी फसगत होते: काहीही बदलून ‘सेव्ह’ केले की वर एक पिवळी पट्टी येते आणि त्या पट्टीवरील बरोबरची खूण दाबेपर्यंत तो बदल अमलातच येत नाही. काहीच का होत नाही, अशा तक्रारींचे मूळ बहुधा या पट्टीत असते.

अद्ययावतीकरण झाल्यावर यंत्र बंद करून दोन्ही डिस्क जोडाव्यात. ‘स्टोरेज’ विभागात त्या दिसतील. तेथे त्यांची ‘स्मार्ट’ देखरेख (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती) सुरू करून प्रत्येकीची दीर्घ चाचणी लावावी. ४ टीबीला सात-आठ तास सहज लागतात, म्हणून ती रात्री लावणे बरे. ‘पॉवर ऑन अवर्स’ हा आकडा नव्या डिस्कवर शून्याजवळ असायला हवा. तो हजारांत असेल, तर डिस्क वापरलेली आहे आणि ती परत करण्याची वेळ हीच आहे. चाचणी नीट पार पडल्यावर दोन्हींवर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम तयार करून त्या माउंट कराव्यात, म्हणजे प्रणालीला वापरासाठी जोडून द्याव्यात.

शेअर, खाती आणि देवनागरी नावे

पहिल्या डिस्कवर ‘शेअर्ड फोल्डर’ तयार करावेत: फोटो, कागदपत्रे, सिनेमे आणि प्रत्येक व्यक्तीचा एक खासगी फोल्डर. मग ‘यूजर्स’मध्ये घरातील प्रत्येकाचे वेगळे खाते काढून ‘एसएमबी’ ही नेटवर्कवरून फोल्डर उघडू देणारी सेवा सुरू करावी आणि हे फोल्डर त्यात जोडावेत. सर्वांना सर्वत्र लिहिण्याची मुभा देण्याचा मोह आवरावा. फोटोंच्या मुख्य फोल्डरमध्ये फक्त एकाच खात्याला लिहिता यावे आणि बाकीच्यांना ते वाचता यावेत, कारण लॅपटॉपमध्ये शिरलेले खंडणीखोर सॉफ्टवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे) तो लॅपटॉप जेथे जेथे लिहू शकतो तेथपर्यंत पोहोचते. पासवर्डविना शेअर उघडा ठेवू नये. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या तो सहसा उघडूही देत नाहीत. एसएमबीची पहिली आवृत्ती बंदच राहू द्यावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे असेच खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले ते त्याच आवृत्तीतील दोषामुळे.

मराठीतून फाइलींना नावे देणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवावी. ईएक्सटी४ मध्ये फाइलचे नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा आणि हलंतसुद्धा, तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाचेच तीस बाइट होतात. विंडोजवर मात्र हीच मर्यादा चिन्हांत मोजली जाते, बाइटांत नाही. त्यामुळे ‘आजोबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त कुलदैवताच्या दर्शनाला गेलो तेव्हाचे संपूर्ण चित्रीकरण भाग पहिला’ असे नाव लॅपटॉपवर सुखाने नांदते आणि सर्व्हरवर चढवताना अडते. नाव सत्तर-ऐंशी चिन्हांच्या आत ठेवावे आणि तारीख आधी लिहावी.

दुसऱ्या डिस्कचे काय करावे

येथे माझे मत प्रचलित सल्ल्यापेक्षा वेगळे आहे. दोन डिस्क म्हटले की बहुतेक जण रेड १ (RAID 1), म्हणजे आरशासारखी जुळी मांडणी, सुचवतात. एक डिस्क गेली तरी सर्व्हर न थांबता चालू राहतो, हा त्या मांडणीचा गुण आहे आणि दुकानाला किंवा कार्यालयाला तो मोलाचा आहे. घरात मात्र डिस्क मरण्याइतकीच भीती चुकून पुसलेल्या फोल्डरची आणि बिघडलेल्या फाइलींची असते, आणि जुळ्या मांडणीत तो फोल्डर त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून नाहीसा होतो. घर दोन दिवस सर्व्हरशिवाय राहू शकते. फोटोंशिवाय राहू शकत नाही. म्हणून नवख्याने दुसरी डिस्क रोज रात्रीच्या प्रतीसाठी ठेवावी आणि ती नेटवर्कवर मुळीच शेअर करू नये.

या प्रतीसाठी बोर्गबॅकअप हे साधन योग्य आहे. ओपनमीडियाव्हॉल्टसाठी त्याचा प्लगइन मिळतो. ते दर वेळी फक्त बदललेला भाग साठवते, त्यामुळे सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या आणि बारा महिन्यांच्या प्रती ठेवूनही जागा बेताचीच लागते. बोर्गची प्रत कूटबद्ध करता येते. मात्र पासफ्रेज हरवली तर ती प्रत कोणालाही उघडता येत नाही, म्हणून पासफ्रेज कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावी आणि ती कोठे आहे हे दुसऱ्या एका व्यक्तीला सांगावे.

तिसरी प्रत घराबाहेर हवी. आग, चोरी किंवा तळमजल्यावर शिरलेले पुराचे पाणी दोन्ही डिस्क एकत्रच नेते. सांगली-कोल्हापूरने हे २०१९ मध्ये पाहिले आहे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पहिल्या गटाची कूटबद्ध प्रत एका बाह्य डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकांकडे ठेवणे आणि गणपती-दिवाळीच्या येण्याजाण्यात ती अदलून-बदलून आणणे. मुलगी बंगळुरूला किंवा परदेशात असेल आणि तिच्याकडेही असेच यंत्र असेल, तर एकमेकांच्या प्रती इंटरनेटवरून ठेवता येतात. परंतु पहिली पूर्ण प्रत घरीच डिस्कवर भरून पाठवावी. ४० मेगाबिटच्या अपलोडने एक टीबी चढवायला अडीच दिवसांच्या आसपास लागतात, तेही जोडणी एकदाही तुटली नाही तर.

बाहेरून उघडणे

प्रवासात सर्व्हर हवा म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट घरात शिरण्याच्या वाटा, उघडू नयेत. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर थेट उघडी असलेली क्यूनॅपची हजारो उपकरणे कूटबद्ध केली. शिवाय भारतात अनेक घरांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही; राउटरच्या पानावरील बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले आहेत आणि पोर्ट उघडूनही उपयोग नाही. टेलस्केल दोन्ही अडचणी टाळते. वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीवर आधारलेली ही सेवा वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे. सर्व्हर आणि फोन दोन्हींवर ती बसवून एकाच खात्याने आत शिरले की फोन कोठेही असला तरी सर्व्हर घरातल्याप्रमाणे दिसतो. त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावणे अनिवार्य समजावे.

पहिला महिना

ईमेलने सूचना येण्याची व्यवस्था करून चाचणी संदेश पाठवून पाहावा. जीमेल वापरत असल्यास नेहमीचा पासवर्ड चालत नाही, त्यासाठी वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो. स्मार्टच्या आकड्यांपैकी तीनच पाहिले तरी पुरते. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांची संख्या शून्यावरून वाढू लागली की नवी डिस्क मागवावी. ‘सीआरसी एरर’ वाढत असतील तर डिस्क निर्दोष असून तिची तार सैल किंवा खराब आहे, ती दोनशे-अडीचशे रुपयांत बदलून टाकावी.

महिनाअखेरीस बोर्गच्या एखाद्या जुन्या प्रतीतून एक संपूर्ण फोल्डर वेगळ्या जागी काढावा, त्यातील फोटो, पीडीएफ आणि एखादा लांब व्हिडिओ उघडून पाहावा आणि फाइलींची संख्या मूळ फोल्डरशी ताडून घ्यावी. बाह्य डिस्कवरील प्रतीचीही तीच परीक्षा घ्यावी, आणि ती दुसऱ्या एखाद्या संगणकाला जोडून घ्यावी. फोनमधील फोटो आपोआप चढवणारे इमिच किंवा सिनेमांसाठीचे जेलीफिन हे सर्व यानंतर डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) याच्या मदतीने चढवता येते. ते काम मजेचे आहे, पण त्याला घाई नाही. इमिच बसवल्यास त्याचा डेटाबेसही रात्रीच्या प्रतीत घ्यावा, नाहीतर फोटो परत मिळतात पण त्यांचे अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावे जातात. दोन्ही प्रतींची परीक्षा यशस्वी होईपर्यंत फोनमधला आणि गूगलवरचा एकही फोटो पुसू नये. त्यानंतर जागा मोकळी करण्यास हरकत नाही.